नोकिया एन८ : पहिल्या तीन आठवड्यांत काय कळलं

२०१० च्या दिवाळीच्या आधी नोकिया एन८ घेतला. भारतात तो ऑक्टोबर २०१० मध्ये आला, तेव्हा किंमत सव्वीस हजारांच्या आसपास होती. ही रक्कम माझ्यासाठी लहान नाही. याआधी तीन वर्षं माझ्याकडे एन७३ होता आणि त्यावर मी खूश होतो. बाबांना नव्या फोनची किंमत सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "एवढ्यात फ्रिज आला असता." आमचा फ्रिज खरोखर बदलायला आलाय, त्यामुळे मला पटकन काही बोलता आलं नाही.

तीन आठवडे वापरून झाल्यावर बोलता येईल. पण हा लेख नुसता कौतुकाचा नाही. एन८ हा फोन दोन तुकड्यांत विभागलेला आहे. त्यातल्या काही गोष्टी तेव्हाच्या बाजारातल्या कुठल्याही फोनपेक्षा चांगल्या होत्या, आणि काही गोष्टी दोन वर्षं मागे होत्या. गंमत म्हणजे कुठली गोष्ट कुठल्या बाजूला पडणार हे त्याच्या आतली रचना समजली की आधीच ओळखता येतं. तेच इथे सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो, म्हणजे ते सव्वीस हजार कशासाठी जात होते ते तुम्हाला कळेल.

हातात घेतल्यावर

बॉडी अॅल्युमिनिअमची आहे. वजन १३५ ग्रॅम, जाडी १२.९ मिलिमीटर. हातात धरल्यावर वस्तू भक्कम वाटते, कुठे कुरकुर नाही. वरचं आणि खालचं टोक मात्र प्लास्टिकचं आहे. ते पैसे वाचवायला केलेलं नाही. संपूर्ण धातूच्या डब्यात अँटेना बंद केला तर सिग्नल बाहेरच पडणार नाही, म्हणून अँटेनाच्या जागी प्लास्टिक ठेवावं लागतं.

स्क्रीन ३.५ इंची, ३६० बाय ६४० पिक्सेल, अमोलेड प्रकारची. अमोलेडमध्ये मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. काळा रंग म्हणजे तो ठिपका चक्क बंद. त्यामुळे काळा खरंच काळा दिसतो, आणि फोन झोपलेला असताना स्क्रीनवर बारीक अक्षरांत घड्याळ चालू ठेवलं तरी बॅटरीला फारसा त्रास होत नाही. रात्री उशाशी फोन ठेवून वेळ बघणाऱ्यांना हे घड्याळ फार आवडेल. अक्षरांची धार मात्र आयफोन ४ च्या जवळपासही नाही. तिथे एका इंचात ३२६ ठिपके आहेत, इथे साधारण २१०. शेजारी ठेवले तरच फरक जाणवतो, पण जाणवतो.

सिम आणि मेमरी कार्ड बाजूने आत जातं, कारण मागचं झाकण उघडतच नाही. बॅटरी आत स्क्रूने बंद केलेली आहे. त्याबद्दल पुढे बोलू.

कॅमेरा : इथेच पैसे गेलेत

आमचं घर मिरजेला. दिवाळीत तिकडे गेलो तेव्हा या कॅमेऱ्याची खरी परीक्षा झाली. आजी तेव्हा ८४ वर्षांची होती. तिचे फोटो आमच्याकडे आहेत, पण सगळे लग्नकार्यातले, ताठ बसवून काढलेले. घरात काम करताना, हसताना काढलेला एकही धड फोटो नाही. याचं कारण साधं आहे. आमच्या माजघरात एक खिडकी आणि एक ट्यूबलाइट. एवढ्या उजेडात एन७३ ने काढलेला फोटो म्हणजे पिवळट धुकं, आणि आजी हलली की तिचा चेहरा पुसल्यासारखा.

या वेळी ती सोऱ्या घेऊन चकल्या पाडत होती. मी समोर बसून आठ-दहा फोटो काढले. त्यातले सहा चांगले आले. कपाळावरच्या सुरकुत्या, हाताला लागलेली भाजणी, सगळं स्वच्छ. फ्लॅश न वापरता.

हे कशामुळे झालं? १२ मेगापिक्सेलमुळे नाही. दुकानदार हाच आकडा सांगायचे, पण मेगापिक्सेल म्हणजे चित्राचे किती तुकडे केले एवढंच. प्रकाश किती आत आला हे त्यातून कळत नाही. पावसाचं पाणी साठवायला अंगणात भांडी ठेवली, तर भांड्यांची संख्या वाढवून उपयोग नाही, एकूण तोंड किती मोठं ते महत्त्वाचं. कॅमेऱ्यात हे तोंड म्हणजे सेन्सरचं क्षेत्रफळ.

एन८ चा सेन्सर १/१.८३ इंच या मापाचा आहे. ही मापं फसवी असतात. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांमधल्या काचेच्या नळ्यांच्या व्यासावरून ती आली आहेत, त्यामुळे सरळ भागाकार करून काही हाती लागत नाही. प्रत्यक्ष क्षेत्रफळ साधारण ३८ चौरस मिलिमीटर भरतं. आयफोन ४ चं साधारण १५. तेव्हा बाजारात आठ-दहा हजारांना मिळणारे जे खिशातले डिजिटल कॅमेरे होते, त्यातल्या बहुतेकांचा सेन्सर १/२.३ इंची, म्हणजे साधारण २८ चौरस मिलिमीटर. थोडक्यात, एन८ चा सेन्सर तेव्हाचे फोनच काय, तेव्हाच्या बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांपेक्षाही मोठा होता. सेन्सर मोठा घेतला की त्याच्यापासून भिंग थोडं लांब ठेवावं लागतं, म्हणूनच मागे तो उंचवटा आलाय. दिसायला तो थोडा विचित्र आहे, पण तो भौतिकशास्त्राचा उंचवटा आहे, डिझाइनरचा नाही.

दुसरी गोष्ट फ्लॅशची. आजकाल बहुतेक फोनांत एलईडी असतो, एन८ मध्ये झेनॉन फ्लॅश आहे. झेनॉनमध्ये एक कपॅसिटर आधी काही शे व्होल्टपर्यंत चार्ज होतो आणि मग सगळी ऊर्जा वायू भरलेल्या छोट्या नळीतून एका झटक्यात सोडतो. हा झटका एक मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ टिकतो. एवढ्या वेळात समोरचं माणूस हलणार किती? त्यामुळे अंधारात पळणारी पोरंसुद्धा जागच्या जागी पकडली जातात. माझ्या भाच्याचा भुईचक्राभोवती उडी मारतानाचा फोटो असा आलाय की त्याचे दोन्ही पाय हवेत आहेत आणि चपलेचा पट्टा तुटलेला दिसतो.

पण याची दुसरी बाजू ऐका. झेनॉन फक्त लखलखतो, जळत राहू शकत नाही. म्हणजे व्हिडिओ काढताना दिवा नाही, आणि टॉर्चही नाही. मिरजेला लोडशेडिंग झालं तेव्हा मी सव्वीस हजारांचा फोन हातात धरून जिना चाचपडत होतो, आणि बाबा त्यांचा जुना नोकिया ११०० चा टॉर्च लावून पुढे गेले. काही बोलले नाहीत, पण मागे वळून बघितलं.

पणत्यांचे आणि आकाशकंदिलाचे फोटो काढताना फ्लॅश बंदच ठेवा, नाहीतर सगळी मजा जाते. फोन कशाला तरी टेकवून ठेवा आणि बटण हळूच दाबा. बटण अर्धं दाबलं की फोकस होतो, पूर्ण दाबलं की फोटो. आणि एक सेटिंग आधी बदला. माझ्या फोनमध्ये सुरुवातीला ९ मेगापिक्सेलचा रुंद आकार निवडलेला होता. त्यात सेन्सरचा वरचा-खालचा भाग वापरलाच जात नाही. टीव्हीवर बघायला तो बरा, पण प्रिंट काढायची असेल तर १२ मेगापिक्सेल निवडा.

व्हिडिओ ७२० ओळींचा, सेकंदाला २५ फ्रेम. चित्र छान येतं, पण चित्रण चालू असताना फोकस बदलत नाही, तो ठराविक अंतरावर बांधलेला राहतो. साधारण दोन-अडीच फुटांच्या पलीकडचं सगळं नीट दिसतं, त्याच्या आत आलं की धूसर. बाळाचं बारसं, गॅदरिंग, ट्रेक, सगळ्याला पुरेसा. याच फोनवर पूर्णपणे चित्रित केलेली 'द कम्युटर' नावाची एक छोटी फिल्म नोकियाने काढली आहे, त्यात 'स्लमडॉग'वाला देव पटेल आहे. जाहिरात म्हणूनच बघा, पण कॅमेऱ्याची कुवत कळते.

टीव्ही आणि पेन ड्राइव्ह

वरच्या टोकाला एक छोटं झाकण आहे, त्याखाली एचडीएमआयचं लहान तोंड. टीव्हीच्या नेहमीच्या एचडीएमआय केबलला जोडायचा अडॅप्टर खोक्यातच मिळतो. मामांकडे आदल्या वर्षी एलसीडी टीव्ही आला होता. केबल लावली आणि फोनवर जे दिसत होतं ते जसंच्या तसं टीव्हीवर आलं. काही इन्स्टॉल करायचं नाही, सेटिंग नाही. आजीने स्वतःला चकल्या करताना बत्तीस इंचांत पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "हे माजघर इतकं काळं झालंय? रंग काढायला हवा." फोटोचं कौतुक नंतर.

तुमच्याकडे जुना डबा टीव्ही असेल तरी हरकत नाही. हेडफोनच्या भोकातून लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची केबल जोडून चित्र जातं. ही केबल मात्र वेगळी विकत घ्यावी लागते, आणि चित्र अर्थातच साध्या दर्जाचं.

त्याहून भारी गोष्ट म्हणजे यूएसबी ऑन द गो. तोवर फोन कॉम्प्युटरला जोडला की कॉम्प्युटर मालक आणि फोन नोकर. ऑन द गो मध्ये फोन स्वतः मालक होतो. खोक्यात एक छोटी वायर येते, तिच्या दुसऱ्या टोकाला सरळ पेन ड्राइव्ह लावायचा. त्यातल्या फाइली फोनवर दिसतात, कॉपी करता येतात, आणि पेन ड्राइव्हवरचा सिनेमा थेट फोनमधून टीव्हीवर लावता येतो. एमकेव्ही, डिव्हएक्स, एक्सव्हिड या फाइली आधी कन्व्हर्ट न करता चालतात. आधीच्या फोनवर एक सिनेमा बघायचा म्हणजे रात्रभर कॉम्प्युटर कन्व्हर्ट करत बसायचा, ते आठवा. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असू द्या.

लग्नात याचा फार उपयोग होतो. फोटोग्राफरच्या कार्डवरचे फोटो पेन ड्राइव्हवर आले की तिथल्या तिथे फोनमध्ये. फोनची स्वतःची मेमरी १६ जीबी आहे, वर ३२ जीबीपर्यंतचं कार्ड बसतं.

एफएम ट्रान्समीटरही आहे. फोनमधली गाणी गाडीच्या रेडिओवर ऐकता येतात, वायर न लावता. पुण्यात रिकामी जागा शोधायला डायल थोडा फिरवावा लागला, शहराबाहेर निघाल्यावर अडचण आली नाही.

मग संथ का वाटतो?

आता दुसरा तुकडा. वर सांगितलेलं सगळं लोण्यासारखं चालतं, आणि साधी वेबसाइट उघडली की फोन दमतो. दोन बोटांनी पान मोठं करा, क्षणभर चौकोन दिसतात, मग अक्षरं येतात. हाच फोन ना, जो ७२० ओळींचा सिनेमा टीव्हीवर एकही अडखळ न येता दाखवतो?

हो, तोच. सिनेमा मुख्य प्रोसेसर दाखवतच नाही. एन८ मध्ये ब्रॉडकॉमची एक वेगळी चिप आहे, व्हिडिओ उलगडणं, कॅमेऱ्यातून येणारी माहिती सांभाळणं, ग्राफिक्स काढणं हे तिचं काम. ती त्या कामासाठीच बनवलेली आहे, म्हणून कमी वीज खाते आणि वेगाने करते. उरलेली सगळी कामं मुख्य प्रोसेसरकडे. तो आहे ६८० मेगाहर्ट्झचा, एआरएम११ पिढीचा. ही पिढी २००८ च्या आयफोन ३जी मध्येही होती. २०१० मध्ये वरच्या किमतीतल्या अँड्रॉइड फोनांत कॉर्टेक्स-ए८ पिढीचा एक गिगाहर्ट्झ प्रोसेसर आला होता. नवी पिढी त्याच मेगाहर्ट्झमध्येही जास्त काम उरकते, आणि इथे तर मेगाहर्ट्झही जास्त आहेत. वेब पान वाचणं, त्यातल्या जावास्क्रिप्टचा अर्थ लावणं, मांडणी करणं हे सगळं मुख्य प्रोसेसरचं काम, म्हणून तिथे एन८ मागे पडतो.

तेव्हा हिशेब सोपा आहे. जे काम खास चिपकडे सोपवलंय ते फर्स्ट क्लास. जे मुख्य प्रोसेसर आणि सिंबियनच्या जुन्या कोडवर सोडलंय ते रखडत.

सिंबियनबद्दल मला थोडं आपुलकीनेच बोलावंसं वाटतं, कारण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट आम्ही त्यावर केलं होतं. मोबाइलमध्ये मेमरी चिमूटभर असायची त्या काळात ही सिस्टिम घडली. प्रत्येक बाइट जपून वापरायची सवय तिच्या हाडात आहे. त्यामुळे २५६ एमबी रॅममध्ये एन८ एकावेळी दहा-बारा प्रोग्राम उघडे ठेवतो, आणि बॅटरीही जपतो. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. साधा मजकूर साठवायचा तर डिस्क्रिप्टर नावाचे अर्धा डझन प्रकार, त्यातला चुकीचा निवडला की प्रोग्राम गेला. आमच्या ग्रुपचे पहिले दोन महिने त्यातच गेले. अशा ठिकाणी हौशी प्रोग्रामर टिकायचा नाही, तो अँड्रॉइड किंवा आयफोनकडे जायचा, आणि मग दुकानात अॅप्लिकेशन्स कमी दिसायची. ओव्ही स्टोअरमध्ये नेमकं हेच जाणवायचं. नोकियाने तेव्हा क्यूटी नावाचा बराच सोपा मार्ग दिला होता.

शिवाय सिंबियनचा हा चेहरा बटणांच्या फोनसाठी घडलेला. बोटाने वापरायची सोय २००८ मध्ये ५८०० पासून वरून जोडली. एन८ मधल्या सिंबियन^३ मध्ये बरंच सुधारलंय, एकदा टेकवलं की काम होतं, तीन होमस्क्रीन आहेत, मेनूचं बटण दाबून धरलं की उघड्या प्रोग्रामांची छोटी चित्रं रांगेत दिसतात. पण सेटिंगच्या आत सेटिंग, त्याच्या आत आणखी एक यादी, हे अजून तसंच आहे. होमस्क्रीन सरकवताना पान बोटाबरोबर येत नाही, बोट उचलल्यावर मागून येतं.

सगळ्यात जास्त चीड आली ती टायपिंगची. फोन उभा धरला की जुन्या पद्धतीचा कीपॅड, एका बटणावर तीन अक्षरं. पूर्ण कीबोर्ड हवा तर फोन आडवा करा. आणि लिहायला सुरुवात केली की लिहायची खिडकी सगळी स्क्रीन व्यापते, ज्या मजकुराला उत्तर देताय तो दिसेनासा होतो. मोठा ई-मेल असेल तर मागे जाऊन वाचा, पुढे येऊन लिहा. ३.५ इंची स्क्रीनवर उभा कीबोर्ड बसत नाही असं नाही, आयफोनवर तो २००७ पासून बसतोय.

मराठी वाचायचं असेल तर

मराठी ब्लॉग आणि वर्तमानपत्रं वाचायला मी ओपेरा मिनी टाकला. पत्त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत ओपेरा:कॉन्फिग असं लिहून उघडलं की खाली 'युज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' अशी ओळ सापडायची. तिथे 'येस' निवडून सेव्ह करायचं. यानंतर जोडाक्षरं, वेलांट्या सगळं जागच्या जागी दिसायचं.

यामागची युक्ती अशी. ओपेरा मिनी पान थेट तुमच्या फोनवर आणतच नाही. ते आधी ओपेराच्या सर्व्हरवर जातं, तिथे बारीक केलं जातं आणि मग तुमच्याकडे येतं. ही सेटिंग केली की देवनागरी मजकूर सर्व्हर चित्ररूपात पाठवतो, त्यामुळे फोनला देवनागरी येवो न येवो, फरक पडत नाही. तोटा एवढाच की तो मजकूर कॉपी करता येत नाही आणि पान थोडं जड होतं. आणि मुख्य प्रोसेसरचं कष्टाचं काम सर्व्हरवर गेल्यामुळे एन८ वर वेबसाइट उघडायचा हाच सगळ्यात वेगवान मार्ग होता.

थ्रीजी आणि नकाशे

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ५ नोव्हेंबर २०१० ला, टाटा डोकोमोने थ्रीजी सुरू केलं. बीएसएनएलचं आधीपासून होतंच, बाकीच्या कंपन्याही येत होत्या. या दृष्टीने एन८ योग्य वेळी आला. आपल्याकडे थ्रीजी तेव्हा २१०० मेगाहर्ट्झवर होतं. अमेरिकेत काही कंपन्या ८५० आणि १९०० वापरायच्या, एक १७०० वापरायची. एन८ पाचही पट्टे पकडतो. 

नुसत्या टूजीवर मात्र फोटो पाठवायच्या फंदात पडू नका. १२ मेगापिक्सेलचा एक फोटो दोन-तीन एमबीचा होतो, मी मिरजेहून एक ई-मेल केला त्याला पाच मिनिटं लागली.

नकाशा ही या फोनची न बोलता दिलेली भेट होती. ओव्ही मॅप्सचं वळणावळणाला रस्ता सांगणारं नेव्हिगेशन नोकियाने जानेवारी २०१० पासून फुकट केलं. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवता यायचे. घरच्या वाय-फायवर किंवा कॉम्प्युटरला जोडून एकदा भारताचा नकाशा भरून घ्यायचा. मग घाटात रेंज गेली तरी रस्ता दिसत राहायचा. गूगल मॅप्सला तेव्हा दर वेळी नेट लागायचं, हा फरक गावाकडच्या रस्त्यावर लगेच कळायचा.

बॅटरी

१२०० एमएएच. मला सकाळी सात ते रात्री अकरा पुरते, त्यात तासभर गाणी, थोडं नेट, पंधरा-वीस फोटो. व्हिडिओ काढत राहिलात तर संध्याकाळीच चार्जर शोधावा लागेल. चार्जिंग जुन्या बारीक पिनेनेही होतं आणि मायक्रो यूएसबीनेही, त्यामुळे नोकियावाल्या घरात चार्जर मिळायचाच.

पण बॅटरी काढता येत नाही. तेव्हा आपल्याकडे फोन अडकला की पहिला उपाय म्हणजे बॅटरी काढून परत घालणे हा होता. इथे पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरायचं, फोन बंद होतो. ट्रेकला जाताना दुसरी बॅटरी खिशात ठेवायची सवय असलेल्यांची मात्र इथे अडचण होती. दोन वर्षांनी बॅटरी उतरली तर सर्व्हिस सेंटरला जावं लागणार होतं.

घ्यावा का?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती दुकानात कोणी सांगत नव्हतं. नोकियाने जून २०१० मध्येच सांगितलं होतं की यापुढचे एन मालिकेचे फोन सिंबियनवर नसतील, मीगो नावाच्या नव्या सिस्टिमवर येतील. म्हणजे एन८ हा या मालिकेतला सिंबियनचा शेवटचा फोन. फोन उद्या बंद पडणार असा याचा अर्थ नव्हता. सिंबियन^३ मध्येच सुधारणा देत राहू असं कंपनी ऑक्टोबर २०१० मध्ये म्हणाली होती. पण प्रोग्रामर मंडळी पुढच्या तीन वर्षांत कशावर मेहनत घेतील याचा अंदाज मला होता, मी त्यांच्यातच बसत होतो.

त्यामुळे फेसबुक, ट्विटर, नवनवी अॅप्लिकेशन्स, दिवसभर ब्राउझर हे ज्यांचं मुख्य काम होतं त्यांना मी तेव्हा एन८ घेऊ नका, याच पैशांच्या आगेमागे अँड्रॉइड बघा असं सांगायचो. ऑफिसचे ई-मेल फोनवर टाइप करायचे असतील तरी नको. घरात लहान मूल आहे, म्हातारी माणसं आहेत, वेगळा कॅमेरा घ्यायचा विचार चाललाय आणि फोनही बदलायचाय, अशा घरासाठी मात्र मी तेव्हा डोळे झाकून एन८ सांगायचो. फोनमधला कॅमेरा नेहमी जवळ असतो, कपाटातला नसतो. कॅमेऱ्याचे तेव्हाचे आठ-दहा हजार यातून वजा करायचे, मग किंमत बघायची. मी बाबांना हाच हिशेब दिला. त्यांनी ऐकून घेतला, फ्रिजचं काय ते विचारलं.

घ्यायचं ठरलंच तर दुकानात खोकं समोर उघडायला लावायचं. एचडीएमआयचा आणि यूएसबीचा, दोन्ही अडॅप्टर आत आहेत का बघायचं, वेगळे घ्यायला गेलं तर शोधत फिरावं लागायचं. फोन चालू करून *#०६# दाबा, येणारा आयएमईआय क्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. *#००००# दाबलं की सॉफ्टवेअरची आवृत्ती दिसते, ती लिहून ठेवा. काही एन८ अचानक बंद पडून पुन्हा चालूच होत नाहीत अशा तक्रारी आल्या होत्या, आणि थोड्या फोनांमध्ये हा दोष असल्याचं नोकियाने नोव्हेंबर २०१० मध्ये मान्यही केलं. तेव्हा पक्कं बिल आणि वॉरंटीची नोंद याशिवाय घ्यायचा नाही, 'बिल नको, हजार कमी देतो' म्हणणाऱ्याकडून तर अजिबात नको.

आणि पहिल्याच दिवशी एक जाड कापडी पाऊच घ्या. कॅमेऱ्याच्या भिंगाला झाकण नाही आणि ते उंचवट्यावर आहे, म्हणजे टेबलावर ठेवताना सगळ्यात आधी तेच टेकतं. माझ्या फोनला दुसऱ्याच आठवड्यात कडेला एक बारीक ओरखडा आलाय, भिंगापासून दोन मिलिमीटरवर.